उकिरड्याचे पांग

वसुबारसेच्या संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा झाली, की आपली दिवाळी उंबऱ्यात येते. शहरातल्या बिऱ्हाडात गाय कुठली असणार? मग कोणी छापील चित्रातल्या गाईला हळदकुंकू वाहते, कोणी देव्हाऱ्यातल्या पितळी गाईवासरावर भागवते. खेड्यापाड्यांतून मात्र पाडव्याला अजूनही अंगणात शेणाच्या गवळणी आणि शेणाचे पांडव मांडतात, त्यांच्या डोक्यावर झेंडूची फुले खोचतात. तेवढा एक दिवस शेणाला देवपण येते. दुसऱ्या दिवशी त्याची रवानगी पुन्हा उकिरड्यावर; आणि त्या उकिरड्याकडे वर्षाचे उरलेले दिवस कोणी ढुंकूनही पाहत नाही.

'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणणाऱ्याच्या मनात नशिबाचा फेरा होता, रसायनशास्त्र नव्हते. पण योगायोग असा, की उकिरड्यातून जो मिथेन नावाचा वायू निघतो तो हवेत सरासरी बारा वर्षे टिकतो! या बारा वर्षांत तो पृथ्वीभोवतीची दुलई जाड करीत राहतो. तेव्हा उकिरड्याचे पांग फेडायचे की नाहीत, हा प्रश्न आता एकट्या शेतकऱ्याचा राहिलेला नाही. सकाळी दाराशी दुधाची पिशवी घेणाऱ्या आपणा सर्वांचा तो झाला आहे.

ढिगाच्या पोटात काय चालते?

मराठी भाषेने शेणाला कधी कमी लेखले नाही. ओला पो, वाळलेली गोवरी, कुठे तिलाच शेणी, रानात आपोआप सुकलेली ती रानशेणी. अंगणात सडा, भुईला सारवण, आणि सगळे संपल्यावर उरते ते पोतेरे. जिथे जिनसा महत्त्वाच्या तिथे शब्द पुष्कळ, हा भाषेचा साधा नियम आहे. परंतु या सगळ्या शब्दांत एक गोष्ट आली नाही. ती म्हणजे शेणातून डोळ्यांना न दिसता उडून जाणारे धन.

गाय जो चारा खाते, त्यातल्या नत्राचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग शेण-मुतावाटे बाहेर पडतो. आणि त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या मुतात असतो. मुतात असतो युरिया. खताच्या पोत्यात असतो तोच. शेणात या युरियाचे तुकडे पाडणारे किण्व असते. दोन्ही वेगवेगळी असताना फारसे बिघडत नाही, पण गोठ्याच्या जमिनीवर ती कालवली गेली, की काही तासांत अमोनिया सुटू लागतो. सकाळी गोठ्यात शिरताना डोळे चुरचुरतात ते याच्यामुळे. शेतकऱ्याच्या घरचे नत्र असे वाऱ्यावर जाते, आणि पुढे तेच तो दुकानातून पोत्याच्या भावाने विकत आणतो.

यापुढची गोष्ट ढीग कसा आहे यावर अवलंबून असते. ढीग कोरडा, भुसभुशीत, हवा खेळणारा असेल, तर त्यातले जिवाणू आपल्यासारखाच प्राणवायू घेऊन काम करतात; मिथेन थोडा निघतो. तेच शेण पाण्यात कालवून खड्ड्यात साठवले, म्हणजे आत हवा शिरत नाही. मग तिथे दुसऱ्या जातीचे जिवाणू राज्य करतात आणि ते मिथेन सोडतात. इटलीतल्या माजोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून वर येणारे बुडबुडे आलेस्सांद्रो व्होल्टा या शास्त्रज्ञाने १७७६ साली बाटलीत धरले आणि पेटवून पाहिले, तो हाच वायू. शंभर वर्षांच्या हिशेबाने पाहिले, तर वजनास वजन मिथेन हा कर्बद्विप्राणिद वायूच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता अडवतो.

तिसरा चोर याहून लबाड आहे. शेतात गरजेपेक्षा जास्त खत पडले आणि जमीन ओली असली, की मातीतले जिवाणू नत्राचा एक अंश नायट्रस ऑक्साइड या रूपाने हवेत सोडतात. त्याचे प्रमाण अल्प. पण त्याचा प्रताप कर्बद्विप्राणिदाच्या सुमारे दोनशे सत्तर पट, आणि हवेत त्याचा मुक्काम शंभर वर्षांहून अधिक. जे नत्र हवेत जात नाही आणि पिकालाही लागत नाही, ते नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली झिरपते आणि विहिरीला मिळते. नायट्रेटयुक्त पाण्यातून दूध कालवून दिल्याने तान्ही मुले निळी पडतात, हे अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९४५ साली एका डॉक्टरने दाखवून दिले. त्या घरांच्या विहिरी उथळ होत्या. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा ठरलेली आहे, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या पुष्कळ विहिरींचे पाणी ती ओलांडते. त्यात रासायनिक खताचा हात आहे, सांडपाण्याचा आहे, आणि विहिरीशेजारच्या उकिरड्याचाही आहे.

जिथे शेण उदंड झाले

आपल्याला वाटते, शेण जितके अधिक तितके शेत सुखी. हे खरे नाही, हे पाहायचे तर हॉलंडला जावे. हा देश महाराष्ट्राच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढा. त्यात पाऊण कोटीच्या निम्मी गुरे आणि कोटभर डुकरे! त्यांचा चारा जहाजांतून परदेशांतून येतो. दूध, लोणी आणि मांस परदेशी जाते. मागे राहते ते शेण. जमीन तेवढीच, शेण मात्र जगभरच्या शेतांचे. तिथे शेण घेऊन जाण्याबद्दल शेतकऱ्यालाच पैसे मोजावे लागतात. आपल्या गावी हे सांगितले, तर ऐकणारा थट्टाच समजेल.

युरोपातल्या राष्ट्रांनी १९९१ साली कायदा केला, की संवेदनशील भागांत हेक्टरी वर्षाला जनावरांच्या खतातून १७० किलोंपेक्षा जास्त नत्र घालता येणार नाही. हिवाळ्यात, पीक झोपलेले असताना, शेण पसरायलाही बंदी. हॉलंडमध्ये तर पातळ शेण जमिनीवर ओतण्याची सोयच ठेवली नाही. यंत्राने मातीत चीर पाडून ते आत सोडायचे. इतके करूनही अमोनिया वाऱ्याबरोबर माळरानांवर जाऊन पडतच राहिला आणि तिथल्या जांभळ्या फुलांच्या झुडपांची जागा गवताने घेतली. २९ मे २०१९ रोजी तिथल्या वरिष्ठ न्यायपीठाने सरकारची नत्राबाबतची सारी व्यवस्था रद्द ठरवली. रस्ते, घरे, गोठे, सगळ्यांचे परवाने अडकले. सरकारपक्षातून गुरे कमी करण्याची भाषा निघाली, तेव्हा १ ऑक्टोबर २०१९ रोजी हजारो शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेग शहरावर चालून गेले. २०२३च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांचा एक नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. शेणावरून राजकारण उलथते, ते असे.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताची कथा आणखी करुण आहे. तिथे डुकरांचे आणि कोंबड्यांचे गोठे दाट. त्यांच्या खतातले नायट्रेट ओढ्यांतून समुद्राला मिळते आणि उथळ खाडीत हिरवे शेवाळ माजते. किनाऱ्यावर त्याचे थर साचून कुजले, की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू कोंडतो. २००९ साली अशा शेवाळात रुतून एक घोडा मेला. २०११ साली एका खाडीच्या मुखाशी छत्तीस रानडुकरे मरून पडली. ज्या वाळूत मुले किल्ले करीत, तिथे धोक्याच्या पाट्या लागल्या.

डेन्मार्कने निराळी वाट धरली. तिथे शेणाच्या टाक्यांवर झाकण घालतात. काही ठिकाणी पातळ शेणात आम्ल मिसळून अमोनिया बांधून ठेवतात. आणि अनेक शेतकऱ्यांचे शेण एका ठिकाणी आणून त्याचा गॅस करतात. त्या देशाच्या गॅसवाहिनीतून जो गॅस वाहतो, त्याचा एक-तृतीयांशाहून अधिक भाग गेल्या काही वर्षांत शेणाचा व इतर सेंद्रिय गाळाचा असतो. २०२४ साली सरकार, शेतकरी संघटना आणि निसर्गरक्षक एका मेजाभोवती बसले आणि २०३० पासून जनावरांपासून निघणाऱ्या वायूंवर कर बसवण्याचे ठरले. असा कर ठरवणारे जगातले ते पहिले राष्ट्र.

आपली गोष्ट वेगळी

यावरून कोणी निष्कर्ष काढील, की आपल्याकडच्या गोठ्यांवरही कर बसवावा. तो अन्याय होईल. २०१९च्या पशुगणनेप्रमाणे भारतात एकोणीस कोटींहून अधिक गाईबैल आणि जवळजवळ अकरा कोटी म्हशी आहेत. यांच्यापासून निघणाऱ्या मिथेनचा फार मोठा भाग रवंथ करताना ढेकरावाटे येतो. शेणाचा वाटा लहान आहे. कारण आपले शेण वाळते. ते गोवरी होऊन भिंतीवर चिकटते किंवा कोरड्या ढिगात पडते. आपले दुखणे शेण उदंड झाल्याचे नाही. असलेले शेण शेतापर्यंत न पोचण्याचे आहे.

हे दुखणे जुने आहे. इंग्रज सरकारने बोलावलेले शेतीतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी १८८९ नंतर हिंदुस्थानभर हिंडून जो अहवाल लिहिला, त्यात त्यांनी शेतकऱ्याला मूर्ख म्हटले नाही. शेतकरी शेण जाळतो, कारण त्याला सरपण मिळत नाही; सरपणाची राने द्या, म्हणजे शेण शेतात जाईल, असे त्यांचे सांगणे होते. गोवरीच्या चुलीत दहातला जेमतेम एक वाटा आच भांड्याला लागते. बाकीची धुराबरोबर जाते. नत्रही जाते. राख तेवढी भांडी घासायला उरते. आणि तो धूर कोणाच्या छातीत जातो, हे सांगायला नकोच. शेण काढणारी, पाटी डोक्यावर घेणारी, गोवऱ्या थापणारी आणि चुलीपुढे बसून फुंकणारी, चारही एकच असते.

पुढे इंदूर येथे १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेण, पालापाचोळा, काडीकचरा आणि गोठ्यातली मुताने भिजलेली माती यांचे थर लावून, ते वरखाली करून, हवा खेळवून उत्तम खत करण्याची रीत बसवली. इंदूर पद्धत म्हणून ती जगभर गेली. १९३१ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकावर त्यांच्या नावाबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. आपल्याला ते फारसे ठाऊक नसते. त्यानंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सारे 'नाडेप काका' म्हणत, त्यांनी जाळीदार विटांचे टाके काढले. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. भिंतीला हवेसाठी भोके. आत काडीकचरा अधिक, माती पुरेशी आणि शेण थोडके. शेण हे या टाक्यात विरजणासारखे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते, दुर्गंधी नाही, माश्या नाहीत. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी माणसाच्या मैल्याचेही खत करून दाखवले आणि ते काम स्वतःच्या हातांनी केले, हे इथे विसरून चालणार नाही.

गोबरगॅसची वाटचाल

शेणातून आधी जाळ आणि मग खत, अशी दोन्ही फळे मिळाली तर? हा विचार मुंबईला परका नाही. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ साली मैल्याच्या टाकीतून निघणारा वायू जमवून वापरण्यात आला होता. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेत १९३७ च्या सुमारास एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५१ साली जशभाई पटेल यांनी 'ग्रामलक्ष्मी' नावाचे संयंत्र काढले. लोखंडी टोपी गॅसच्या जोराने वर तरंगते, गॅस वापरला की खाली बसते. खादी-ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर ते हाती घेतले. लोखंड गंजते आणि महाग पडते, म्हणून १९७८ साली विटांच्या घुमटाचे 'जनता' आणि १९८४ साली त्याहून स्वस्त 'दीनबंधू' आले. १९८१-८२ पासून सरकारची राष्ट्रीय योजना सुरू झाली. देशात एकंदर पन्नास लाखांच्या घरात संयंत्रे बांधली गेली आणि त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक वरचा आहे.

हिशेब सोपा आहे. एक किलो ताज्या शेणातून सुमारे चाळीस लिटर गॅस निघतो. चार-पाच जनावरांचे रोजचे पन्नास किलो शेण आणि तितकेच पाणी घातले, की चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. यातली खरी मौज पुढे आहे. गोवरी जाळली, की नत्र गेले. गॅस जाळला, तर जाते ते फक्त कर्ब. नत्र, स्फुरद आणि पालाश ही सगळी मळीत उरतात आणि शेताला मिळतात. उघड्यावर जो मिथेन हवेत गेला असता, तो चुलीत जळून त्याचा बहुतेक सारा तापटपणा संपतो. एकाच पाटीभर शेणाने चूलही पेटते, शेतही पोसते आणि आभाळालाही ताप होत नाही.

मग त्यातली कितीतरी संयंत्रे बंद का पडली? बैल गेले आणि ट्रॅक्टर आला, तेव्हा गोठ्यातले शेण उणे झाले. उन्हाळ्यात माणसांना पाणी नाही, तिथे शेण कालवायला कुठले? घुमटाला चीर गेली, तर लिंपणारा कुशल गवंडी तालुक्यात सापडेना. अनुदान बांधण्यापुरते होते. दुरुस्तीला कोणी विचारले नाही. आणि सिलिंडर घरी आल्यावर शेणात हात घालायला सुनेने नकार दिला. तिचे काय चुकले? इथे एक इशाराही द्यायला हवा. गळके संयंत्र हे कोरड्या ढिगापेक्षा वाईट. कारण ते मिथेन मुद्दाम तयार करते आणि मग हवेत सोडून देते. बांधणे हे पुण्य नव्हे. चालते ठेवणे हे पुण्य.

दूध आमचे, शेण कोणाचे?

आता शहराकडे वळू. मुंबईतल्या म्हशी वस्तीबाहेर न्याव्यात, म्हणून १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभी राहिली. तरीही उपनगरांतून तबेले राहिले; आणि दहिसरसारख्या नदीत तबेल्यांचे शेणपाणी सोडले जाते, ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. शेताजवळ जे सोने होते, तेच नदीत विष होते. यात म्हशीचा दोष नाही, आणि गवळ्याचाही सगळा नाही. शेण टाकायला त्याच्याजवळ शेत नाही. पाण्याचा नळ मात्र आहे.

मला वाटते, पुढचा धोका इथेच आहे. खेड्यातला जुना उकिरडा गबाळा असला तरी कोरडा होता. आता शेकडो जनावरांचे मोठे गोठे उभे राहत आहेत. तिथे फरशी पाण्याच्या झोताने धुतात. पातळ शेण तळ्यात साठते. म्हणजे मिथेनला हवी ती सगळी सोय. हॉलंडने पन्नास वर्षांत जे केले, ते आपण दहा वर्षांत करू शकू. आणि ते निस्तरायला हॉलंडइतका पैसा आपल्यापाशी नसेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली गोठे व गोशाळा यांच्यासाठी मार्गदर्शक नियम केले आहेत. दुधाचे कितीही कौतुक केले, तरी जितकी जनावरे तितके शेण, आणि जितके शेण तितकी जमीन जवळ हवी, हे गणित कोणत्याही नियमाला चुकवता येत नाही.

धनगराचे शहाणपण

उपाय फार अवघड नाहीत. गोठ्याच्या जमिनीला उतार द्यावा, म्हणजे मूत वेगळे वाहून टाकीत जाते आणि शेणात कालवले जात नाही. खाली उसाचे पाचट, भुसा किंवा गवत अंथरावे; ते मूत पिते आणि नत्र धरून ठेवते. ढिगावर छप्पर असावे, निदान पावसाळ्यात तरी. विहिरीजवळ ढीग घालू नये. शेतात गाड्यांनी ओतलेल्या खताचे ढीग उन्हात पंधरा-पंधरा दिवस पडून राहतात, तसे ठेवू नयेत. ज्या दिवशी पसरावे त्याच दिवशी वखराने मातीआड करावे. ऐन पावसाच्या तोंडावर पसरू नये. मातीची परीक्षा करून, खताच्या जोरावर पोत्यातला युरिया तेवढा कमी घालावा. नाहीतर दोन्ही मिळून अजीर्ण होते.

आणि यातले पुष्कळसे आपल्याकडे आधीपासून आहे. दिवाळी सरता सरता धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. भात कापलेल्या रिकाम्या शेतात रात्री मेंढ्या बसवतात. शेताचा मालक त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. लेंड्या आणि मूत तिथल्या तिथे, मातीवर. ढीग नाही, खड्डा नाही, वाहतूक नाही. मेंढ्यांच्या खुरांनी ते तुडवलेही जाते. हॉलंडमध्ये लाखो रुपयांच्या यंत्राने खत मातीत घालतात. धनगर आपली काठी टेकवून शेकोटीशी बसतो आणि तेच काम मेंढ्या करतात. त्याला पदवी नाही. पण जनावर जिथे चरले तिथेच त्याचे खत परतावे, हा निसर्गाचा नियम त्याने कधी मोडला नाही. आज त्याची चराऊ राने आटत चालली आहेत, याचे दुःख आपल्याला फारसे होत नाही.

शहरातल्या वाचकाने काय करायचे? त्याने दूध सोडावे असे सांगणारा मी कोण! पण दुधाचा भाव दोन रुपयांनी वाढला की आपण वर्तमानपत्राला पत्र लिहितो. तसेच पत्र नदीत शेण सोडणाऱ्या नाल्यासाठीही लिहिता येते. आपल्या नगरपालिकेच्या माणसाला विचारता येते, की तबेल्याचे शेण जवळच्या शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याची काय व्यवस्था आहे. घरच्या कुंडीसाठी खत घेताना ते कुठून आले, याची चौकशी करता येते. दुधाच्या किमतीत शेणाची वाट लावण्याचा खर्च आज धरलेला नाही. तो कोणीतरी विहिरीच्या पाण्याने आणि छातीतल्या धुराने फेडते आहे. तो खर्च दुधाच्या भावात उघड आला, तर देण्याची आपली तयारी असावी.

बारा वर्षांनी पांग फिटतात म्हणतात. हवेतल्या मिथेनचेही तसेच आहे: आज सोडणे थांबवले, तर बारा-पंधरा वर्षांत त्याचा भार हलका झालेला आपल्याच पिढीला दिसेल. कर्बद्विप्राणिदाच्या बाबतीत ही सोय नाही. तो शतकानुशतके हटत नाही. तेव्हा यंदा पाडव्याला अंगणात शेणाचे पांडव मांडले, तर त्यांच्या डोक्यावर फूल खोचावे, आणि नंतर ते पांडव नाल्यात न टाकता कुंडीतल्या तुळशीला घालावेत. पाचही पांडवांना राज्य मिळेल.